डिलीट झालेली फाइल परत कधी मिळते?

डिलीट केलेली फाइल खरे तर कुठेच जात नाही, ती डिस्कवर असतेच, एखादे सॉफ्टवेअर चालवले की परत मिळते, असे संगणक दुरुस्तीच्या दुकानापासून पतपेढीच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे छातीठोकपणे सांगितले जाते. हे विधान एके काळी जवळजवळ बरोबर होते. आज ते बरोबर की चूक हे फाइल कोणत्या साधनावर होती आणि डिलीट झाल्यावर त्या साधनावर काय काय घडले, यावर ठरते. सॉफ्टवेअर कोणते वापरले याला त्यामानाने फार थोडे महत्त्व आहे, आणि लोकांचा सगळा शोध मात्र नेमका सॉफ्टवेअरपासून सुरू होतो.

या समजुतीचे मूळ हार्ड डिस्कच्या कामाच्या पद्धतीत आहे. रिसायकल बिनचा इथे संबंध नाही. त्यात पडलेली फाइल डिलीट झालेलीच नसते, फक्त जागा बदलून बसलेली असते. प्रश्न सुरू होतो तो बिन रिकामा केल्यावर, शिफ्ट दाबून डिलीट केल्यावर किंवा पेन ड्राइव्हवरची फाइल काढून टाकल्यावर, कारण पेन ड्राइव्हवरून काढलेली फाइल विंडोज सहसा बिनमध्ये ठेवत नाही. अशा वेळी हार्ड डिस्कवरच्या मजकुराला हात लागत नाही, नोंद तेवढी बदलते. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणून शेतातले उभे पीक नाहीसे होत नाही. नव्या धन्याने नांगर घातला की मात्र होते. डॉसच्या काळातल्या फॅट पद्धतीत तर यादीतल्या नावाचे पहिले अक्षर खोडून तिथे एक ठरावीक खूण लिहायची आणि जागा मोकळी म्हणून नोंदवायची, एवढेच होत असे. म्हणून १९९१ साली आलेल्या एमएस-डॉस ५मधली अनडिलीट ही आज्ञा वापरणाऱ्यालाच विचारायची, नावाचे पहिले अक्षर कोणते होते? बाकीची अक्षरे तिच्याकडे असायचीच. आजच्या विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत फाइलची नोंद ‘वापरात नाही’ अशी होते, पण नाव, आकार आणि मजकूर डिस्कवर कुठे कुठे आहे त्याचा पत्ता पुढे बराच काळ टिकू शकतो. एमआयटीतले सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ साली निष्कर्ष छापले. चालू स्थितीतल्या १२९ डिस्कपैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांवर पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. ‘डिलीट म्हणजे पुसणे नव्हे’ हे सांगायला याहून ठोस पुरावा नको.

पण हाच पुरावा पुढची अटही सांगतो. मजकूर टिकतो तो त्या जागेवर दुसरे काही लिहिले जात नाही तोवरच. यावर कोणी म्हणेल, मी तर त्यानंतर काहीच सेव्ह केले नाही. आपण केले नसेल. संगणक करतच असतो. ब्राउझर पाहिलेल्या पानांचे तुकडे साठवतो, विंडोज अपडेट उतरवून घेते. फाइल हरवल्यावर माणूस सर्वात आधी जे करतो, म्हणजे रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधून त्याच डिस्कवर बसवणे, तेही लिखाणच आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० साली दिलेले विंडोज फाइल रिकव्हरी हे मोफत साधन सापडलेल्या फाइली त्याच ड्राइव्हवर ठेवूच देत नाही, ते याच कारणाने. शहाणपणाचा मार्ग म्हणजे संगणक बंद करायचा, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडायची आणि तिथून शोधायचे. जुनी नोंदही गेली असेल तर फोटोरेकसारखे सॉफ्टवेअर डिस्क एका टोकापासून चाळत ओळखीच्या खुणा शोधते. वर्डची नवी फाइल आतून झिप असते, म्हणून तिची सुरुवात पी आणि के या अक्षरांनी होते. ही झिपचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरे. या पद्धतीने मजकूर मिळतो, पण सहसा नाव आणि फोल्डर मिळत नाहीत, आणि डिस्कवर तुकड्यातुकड्यांत विखुरलेली फाइल बहुधा अर्धवटच हाती येते.

आता लॅपटॉपकडे वळू. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नसून एसएसडी असते. एसएसडीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी आजूबाजूच्या जागांसकट एक मोठा गट रिकामा करावा लागतो. हे काम वेळेवर उरकता यावे म्हणून फाइल डिलीट झाली की विंडोज ड्राइव्हला कळवते, या जागा आता नकोत. या निरोपाला ट्रिम म्हणतात आणि तो २००९च्या विंडोज ७पासून आहे. त्यानंतर त्या जागा वाचायला गेले तर अनेक ड्राइव्ह नुसती शून्ये हाती देतात. ऑस्ट्रेलियातल्या मर्डॉक विद्यापीठातले ग्रॅम बेल आणि रिचर्ड बॉडिंग्टन यांनी २०१० साली दाखवले की झटपट फॉरमॅट केलेली एसएसडी काही मिनिटांत आपल्या आपण मजकूर पुसू लागते, आणि पुराव्याला धक्का लागू नये म्हणून लिखाण अडवणारे उपकरण जोडले तरी थांबत नाही. गंमत अशी की लग्नाचे फोटो असलेले कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड किंवा स्वस्तातला पेन ड्राइव्ह यांना हा निरोप सहसा जातच नाही. त्यामुळे चुकून पुसलेले फोटो त्यांच्यावरून परत मिळण्याची आशा महागड्या नव्या लॅपटॉपपेक्षा जास्त असते. मग ट्रिम बंदच का करू नये? करता येते, पण ड्राइव्ह मंदावतो आणि लवकर झिजतो; कधीतरी होणाऱ्या चुकीसाठी ही रोजची किंमत मला परवडणारी वाटत नाही.

प्रयोगशाळा तर काहीही परत आणतात, हा आक्षेप जास्त वजनदार वाटतो. त्या आणतात ते बिघडलेल्या, पाण्यात पडलेल्या, जळालेल्या साधनांवरचा मजकूर, जो जागेवर असतो पण वाचता येत नाही. वर नवे लिहिले गेलेल्या मजकुराचे तसे नाही. पीटर गटमन यांनी १९९६ साली ३५ वेळा पुसण्याची योजना मांडली आणि ती दंतकथा झाली. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण संस्थेची मार्गदर्शिका मात्र सांगते की चुंबकीय डिस्कवर एकदा वरून लिहिले तरी अद्ययावत प्रयोगशाळेचेही सहसा काही चालत नाही. मग पोलिसांना डिलीट केलेले संदेश मिळतात ते कसे? अनेकदा ते पुसलेल्या जागेतून येतच नाहीत. समोरच्याच्या फोनमधून किंवा क्लाउडवरच्या बॅकअपमधून येतात.

एसएसडीवरची फाइल गेली तर आपल्यालाही हाच रस्ता उरतो. ती कोणाला ईमेलने पाठवली होती का, व्हॉट्सॲपवर गेली होती का, वर्डने आपणहून राखलेली प्रत आहे का, हे आधी पाहावे. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस असते. मात्र ड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरला बॅकअप समजू नये, कारण इकडे केलेले डिलीट तिकडेही पोचते. बॅकअप आहे एवढ्यानेही भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची आज्ञा दिली. ती दोन सेकंदांत थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. प्रती राखण्याचे पाच मार्ग कागदावर होते, एकही धड चालत नव्हता. कामी आली ती सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने काढलेली एक प्रत. त्यानंतरच्या सहा तासांतल्या नोंदी परत आल्या नाहीत.