माथेरानचे वाफेचे इंजिन

रत्नागिरीला येते ती कोकण रेल्वे ब्रॉडगेज, १६७६ मिमी रुंदीची. माथेरानची नॅरोगेज फक्त ६१० मिमी. रत्नागिरी जिल्ह्यात अशी गाडी नाही. हौशींनी नेरळच गाठावे.

मार्ग : नेरळ–माथेरान, सुमारे २१ किमी. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधला, १९०७ मध्ये सुरू. सर्वांत तीव्र चढ १:२०, म्हणजे वीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर.

इंजिने : जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीची, सहा चाकांची. खरी गंमत आसात आहे. पुढच्या-मागच्या चाकांचा आस पोकळ. आतल्या भरीव आसाभोवती तो किंचित तिरपा होतो. म्हणून घाटातली आखूड वळणेही चाके रूळ न सोडता घेतात.

निवृत्ती : १९८२. पुढे डिझेल.

आज : एक जुने इंजिन नेरळला मांडलेले आहे, दुसरे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात.

जायचे कसे : रत्नागिरीहून रेल्वेने ठाणे, तिथून कर्जत लोकलने नेरळ. पावसाळ्यात नेरळ–अमन लॉज गाडी बंद. अमन लॉज–माथेरान शटल चालू असते.