कावड झुलते, सॅक का नाही?

पावसाळा लागला की पाठीवर सॅक घेतलेली मुंबई-नाशिकची मंडळी जव्हारच्या एसटी स्टँडवर उतरू लागतात. कुणी दाभोसा धबधब्याकडे वळतं, कुणी झापमार्गे भूपतगडाकडे. सॅक नवी, हलकी, बहुधा महागही. पट्टे मात्र दुकानातून आले तसेच. तासाभरात मान पुढे येते आणि अंगठे पट्ट्यांखाली सरकतात.

त्याच वाटेवर आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत कावड दिसते. बांबूच्या दोन टोकांना ओझं, मध्ये एक खांदा, आणि माणूस जवळजवळ धावत असतो. चालताना माणसाचं धड प्रत्येक पावलाला काही सेंटिमीटर वरखाली होतं. घट्ट बांधलेलं ओझं त्याच्याबरोबर उचलावं लागतं, आपटतं तेही खांद्यावरच. कावडीचा बांबू लवतो आणि ओझं आपल्या उंचीवर बरंचसं स्थिर राहतं. रॉजर क्रॅम या अमेरिकी संशोधकाने १९९१ साली लवचीक काठ्या खांद्यावर देऊन माणसं पळवली. ताकद वाचली नाही, पण खांद्याला बसणारे धक्के बरेच कमी झाले. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लॉरेन्स रोम यांनी रबरी दोरांवर ओझं टांगलेली सॅकच बनवली. २००६ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी मांडलं, की साधारण २७ किलो वाहणारा माणूस तेवढ्याच शक्तीत आणखी पाचेक किलो नेऊ शकतो. अशी सॅक स्वतःच जड असते, त्यामुळे एका दिवसाच्या ट्रेकला तिचा उपयोग नाही.

जव्हारशेजारच्या मोखाडा तालुक्यात कावडीखेरीज चुंबळही आहे, म्हणजे डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची कापडाची गुंडाळी. उन्हाळ्यात बायका चुंबळीवर हंडे ठेवून टेकाडं चढतात, आणि मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे! रस्ता न पोहोचलेल्या पाड्यांतून आजारी माणसालाही बांबूला बांधलेल्या झोळीतून न्यावं लागतं. इथल्या लोकांनी ओझ्याचं शास्त्र हौस म्हणून शिकलेलं नाही.

हलक्या सॅकची गंमत अशी, की वजन घटवण्यासाठी तिच्यातली धातूची चौकट आधी काढलेली असते. चौकट गेली की भार खांद्यावरून कमरेकडे नेणारा दुवाच जातो. घडी केलेली कॅरीमॅट पाठीकडच्या बाजूला सरकवली तर तो थोडाफार परत मिळतो. खांद्यामागून वर जाणारे ‘लोड लिफ्टर’ पट्टे अशा सॅकला शिवून घेणं मात्र वाया. त्यांना वर ओढून धरायला ताठ आधार लागतो, नाहीतर ते फक्त कापड चिमटतात.

माप घ्यायचं ते पाठीचं. मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाशी जे हाड वर येतं तिथून सुरुवात करायची. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवल्यावर अंगठ्यांना जोडणारी रेषा येते, तिथे संपवायचं. टेप दुसऱ्याच्या हाती द्यावी. उंच माणसाची पाठ आखूड निघणं अगदी नेहमीचं, म्हणून उंचीवरून सॅक निवडणारे फसतात. कंबरपट्टा बेंबीवर नको, कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेला धरून बसला पाहिजे. तो पोटावर चढत असेल तर खांदेपट्टे सैल करावेत. तरीही चढला तर सॅकच आखूड आहे. ओझं सहा-सात किलोंच्या आत असेल तर जाड कंबरपट्टा काढून साधी निवार लावली तरी चालते. छातीचा पट्टा हासळीच्या हाडाखाली दोन-तीन बोटं. त्यात वीतभर इलॅस्टिक जोडलं की चढावर श्वास अडत नाही.

खांदेपट्ट्यातला स्पंज इथल्या पावसात पाणी पितो आणि दिवसभर ओला राहतो. तो उसवून कॅरीमॅटच्याच जातीच्या, पाणी न शोषणाऱ्या फोमची पट्टी घालता येते. हे काम चपला-बॅगा दुरुस्त करणारा कारागीर करू शकतो. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा सांगावा, सुती दोरा भिजून कुजतो. पट्टा जिथे सॅकला जोडला जातो तिथे एकेरी शिलाई पुरत नाही. चौकोन आणि त्यात फुली, अशी टीप हवी.

पक्की टीप मारण्याआधी मात्र पट्टे सेफ्टी पिनांनी किंवा कच्च्या टाक्यांनी जोडून पाहावेत. आत तांदळाच्या पिशव्या भरून इमारतीचे जिने चढावेत आणि उतरावेतही, कारण चढताना नीट वाटलेली सॅक उतरताना हमखास पाठीवर आपटायला लागते.