गट कोणता? – संगमनेरच्या मतदारसंघाची हकीकत



शेतकी खात्यात 'गट' हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानी येतो. ऊस नोंदीला आलेल्या सभासदाला आम्ही विचारतो, "गट कोणता?" एकजण सातबाऱ्यावरचा गट नंबर सांगतो, दुसरा आपल्या शेतकी गटाचे नाव घेतो, आणि निवडणुकीचे दिवस असले तर तिसरा जिल्हा परिषदेचा गट सांगून मोकळा होतो. तिघांचेही बरोबरच असते. फरक एवढाच की जमीन जिथे आहे तिथेच राहते, मताचा गट मात्र जागचा हलतो. तो कसा हलला, त्याने काय झाले, हे इथे मांडायचे आहे. कोणाची बाजू घेण्याचा प्रश्नच नाही. आम्ही लागण-खोडवा बघणारी माणसे.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक 1962 सालची. संगमनेरातून काँग्रेसचे बी. जे. खताळ-पाटील निवडून आले. ते धांदरफळचे. 1967 आणि 1972 लाही तेच आले. 1978 ला तालुक्याने भाऊसाहेब थोरात यांना पाठवले, 1980 ला पुन्हा खताळ-पाटलांना. पुढे खताळ-पाटील राजकारणातून बाजूला झाले, लिहिते झाले आणि 2019 साली वयाची शंभरी ओलांडून गेले. तालुक्याच्या राजकारणातले आणखी एक मोठे नाव म्हणजे जवळे कडलगचे दत्ता देशमुख. लाल निशाणचे पुढारी, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले. त्यांनी पुढे आठमाही पाण्याचा विचार मांडला. थोड्या क्षेत्राला बारा महिने पाणी देण्यापेक्षा जास्त क्षेत्राला आठ महिने द्या, असे त्यांचे म्हणणे. ऊसवाल्यांना ते रुचले नाही, हे उघड आहे. पण बांधावर विहीर नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते पटत होते, हेही आपण मानले पाहिजे.

1985 ची निवडणूक जुन्या सभासदांना तोंडपाठ आहे. भाऊसाहेबांचे चिरंजीव बाळासाहेब थोरात अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. पक्षाचे चिन्ह नसताना! पुढे ते काँग्रेसकडून लढले आणि 2019 पर्यंत लागोपाठ आठ वेळा जिंकले. जवळजवळ चाळीस वर्षे तालुक्याचा आमदार बदलला नाही. मग 20 नोव्हेंबर 2024 ला मतदान झाले, 23 तारखेला मोजणी झाली, आणि शिवसेनेचे अमोल खताळ सुमारे साडेदहा हजार मतांनी निवडून आले. त्याची कारणे पारावर पुष्कळ सांगितली गेली. एवढ्या मतांचा निकाल एका कारणाने लागतो असे आम्हाला वाटत नाही.

आता मुद्द्याचे. आमदार कोण, हे मतांवर ठरते तितकेच नकाशावरच्या रेषेवरही ठरते. पूर्वी संगमनेर लोकसभेच्या कोपरगाव मतदारसंघात होते. मतदारसंघांची फेररचना 2008 साली झाली आणि 2009 पासून लागू झाली. कोपरगावचा मतदारसंघ गेला, शिर्डीचा आला, आणि तो अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. विधानसभेला तर तालुक्याचेच तुकडे पडले. आश्वी-जोर्वे बाजूची गावे शिर्डी विधानसभेत गेली, पठारावरची काही गावे अकोल्यात गेली. गंमत पाहा, जोर्वे हे थोरातांचे स्वतःचे गाव. तालुक्याचे आमदार संगमनेरचे, पण त्यांचे गाव मत देणार शिर्डीच्या उमेदवाराला!

जोर्व्याच्या शेतकऱ्याची स्थिती बघा. सातबारा संगमनेरचा, पंचायत समिती संगमनेरची, मुलांचे कॉलेज बहुधा संगमनेरचे. आमदार मात्र शिर्डीचे. ऊस कोणत्या कारखान्याला घालायचा, हे तो स्वतः ठरवतो. अशा गावात गाऱ्हाणे कोणाच्या दारी न्यायचे, हाच पहिला प्रश्न. 2025 साली आश्वी बुद्रुकला अपर तहसील कार्यालय करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तालुक्यात जी खळबळ उडाली, तिच्या मुळाशी हीच रेषा होती. काही गावांना कचेरी जवळ येणार असे वाटले, काहींना तालुका तुटणार असे वाटले.

आणि या सगळ्याखाली पाणी वाहते. भंडारदरा धरण 1926 सालचे. त्याचे पाणी प्रवरेतून आपल्या दारावरून जाते. डावा-उजवा कालवा निघतो तो ओझरच्या बंधाऱ्यापासून. बंधारा आपल्या तालुक्यात, पण कालव्याचे मोठे लाभक्षेत्र खालच्या तालुक्यांत. वरच्या शेतकऱ्याने नदीवर मोटारी बसवून, उपसा योजना काढून, विहिरी खणून ऊस केला. म्हणून इथल्या प्रत्येक निवडणुकीत निळवंड्याचे नाव निघाले. त्या धरणाच्या डाव्या कालव्यात पहिले चाचणीचे पाणी सुटले 31 मे 2023 ला. किती निवडणुका त्या पाण्याच्या आशेवर गेल्या, ते सभासदांनीच मोजावे. कालवा आला, आता चाऱ्या आणि पाणीवाटप हा पुढचा वाद आहे. तो ज्या सभागृहांत मिटायचा, तिथे आपला माणूस कोणत्या रेषेतून जातो हे म्हणूनच महत्त्वाचे.

जिल्हा परिषदेचे गट तर याहून चंचल. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. एका गटाचे दोन गण, गणातून पंचायत समितीचा सभासद, ही रीत. 1979 नंतर निवडणूक झाली ती थेट 1992 ला, म्हणजे तेरा वर्षे जुन्याच सभासदांवर नाहीतर प्रशासकांवर कारभार. घटनादुरुस्ती झाली, महिलांचे आरक्षण आले, 2011 पासून ते निम्म्या जागांवर गेले. आरक्षण फिरते असल्याने एका निवडणुकीत तयारीला लागलेला कार्यकर्ता पुढच्या वेळी घरात बसतो आणि त्याची मंडळी अर्ज भरते. पहिल्या पहिल्याने याला लोक हसले. आता त्या बाया सभेत पाणीपट्टीवर बोलतात तेव्हा कोणी हसत नाही. 2017 ला निवडून आलेल्यांची मुदत 2022 च्या मार्चात संपली आणि पुन्हा प्रशासक आले.

कारखान्याच्या निवडणुकीत निदान एक गोष्ट साधी आहे. शेअर कितीही असोत, ऊस दहा टन असो की हजार टन, सभासदाचे मत एकच.

गट-गणांची नवी रचना होते तेव्हा आधी प्रारूप जाहीर होते. कोणते गाव कुठल्या गटात गेले हे त्यात लिहिलेले असते आणि हरकतीला ठरावीक दिवस मिळतात. ते दिवस बहुतेक वेळा पाणी धरण्याच्या नाहीतर तोडीच्या धांदलीत निघून जातात. तरी गावातल्या एकाने तहसील कचेरीत जाऊन यादी बघावी, वाडी-वस्ती सुटली असेल तर लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. मतदार यादीतली नावेही त्याच फेरीत तपासता येतात.