समुद्र नाही, मग मोडायचं काय?

मीठ बनवायला समुद्र लागतो. नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सव्वाशे किलोमीटरच्या वर, शिवाय मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. 6 एप्रिल 1930 ला गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचललं आणि मिठाचा कायदा मोडायला देश निघाला. विलेपार्ल्याला शिबिर उभं राहिलं, मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरावर माणसं लोटली. पण कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आपल्या कसमादे पट्ट्यातल्या माणसानं काय करायचं? गिरणेच्या गोड्या पाण्यातून मीठ कसं निघणार?

वऱ्हाडातल्या लोकांनी तर कमालच केली. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला विहिरींचं पाणी मुळातच खारट. लोकांनी तेच उपसलं, चुलीवर आटवलं आणि तळाशी उरलेलं मीठ हातात घेऊन सांगितलं, मोडला कायदा! पण अशा खाऱ्या विहिरी गावोगाव थोड्याच असतात?

त्यात जून उजाडला. मीठ पिकतं उन्हात. खाचरांत कोंडलेलं खारं पाणी आटलं की मीठ उरतं. पाऊस सुरू झाला की मिठागरं बंद. विचार करा, देशभर पेटलेल्या चळवळीचं हत्यारच पहिल्या सरीत विरघळून गेलं. आता पुढचे चार महिने मोडायचं काय?

याचं उत्तर त्याच पावसानं दिलं. मीठ नाहीसं झालं आणि डोंगरावर गवत उगवलं.

गवत कापण्यात कसला आलाय कायदेभंग, असं वाटेल. त्यासाठी थोडं मागे, रेल्वेपर्यंत जावं लागेल. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि रूळ घाट चढून नाशिक-मनमाडकडे सरकू लागले. रूळ ज्यावर बसतात ते लाकडी स्लीपर एका मैलाला 1760 ते 2000 लागायचे. एका मैलाला! शिवाय ते उन्हापावसात कुजायचे, म्हणजे काही वर्षांनी पुन्हा तेवढेच. एवढं सागवान आणायचं कुठून? 1864 साली सरकारनं जंगलखातंच उभं केलं. पुढे 1865, 1878 आणि 1927 असे एकामागून एक कायदे आले. कालपर्यंत गावाची गुरं जिथे चरत होती तो डोंगर एका अधिसूचनेनं ‘राखीव जंगल’ झाला. डोंगर तिथेच, गाव तिथेच, गुरंही तीच. पाय टाकला की गुन्हा मात्र नवा. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये 1883 सालीच यावर बोट ठेवलं होतं. शेतकऱ्याची गायरानं जंगलखात्यानं गिळली, ही त्यांची तक्रार होती.

1927 च्या कायद्यात ‘वनोपज’ म्हणजे काय याची जी यादी आहे, ती एकदा तरी वाचायला हवी. लाकूड तर आहेच. पण पानं, फुलं, फळं, गवत, वेली, शेवाळ, मध, मेण, जनावराची शिंगं, हाडं, वरची माती आणि दगडसुद्धा! मोहाच्या फुलांबाबत तर कायदा आणखी पुढे जातो. ती जंगलातली असोत वा नसोत, वनोपजच. तुमच्या अंगणातल्या मोहाचं फूल पहाटे तुमच्याच अंगणात पडलं, तरी कायद्याच्या नजरेत ते वनोपज. त्या वेळी राखीव जंगलात गुरं चारली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड होता. गुरांची रवानगी कोंडवाड्यात, ती सोडवायला पुन्हा पैसे.

म्हणजे डोंगराकडेचं जवळजवळ प्रत्येक घर हा कायदा रोजच मोडत होतं! पोट होतं, चूल होती, गाय होती, दुसरा इलाज नव्हता. फक्त ते लपून मोडत होतं. पहाटे विळा घेऊन जायचं, भारा बांधायचा, गार्ड दिसला की झाडाआड व्हायचं. सापडलंच तर हातापाया पडायचं, काहीतरी त्याच्या हातावर ठेवायचं.

जंगल सत्याग्रहानं यात एकच गोष्ट बदलली, आणि मला ती थक्क करते. विळा तोच आणि गवतही तेच. पण आता तारीख आधी जाहीर होऊ लागली. अमुक दिवशी, अमुक जंगलात, आम्ही गवत कापणार आहोत, यावं आणि पकडावं! जाताना वाजंत्री, कपाळी कुंकू, गळ्यात हार. काल जी चोरी होती तिचीच आज मिरवणूक झाली. चोराला पकडणं पोलिसाला जमतं, पण स्वतः पत्ता कळवून येणाऱ्या हजारोंचं काय करायचं? माणूस घाबरतो म्हणून कायदा चालतो. ती भीती गेली की कागद आणि गार्ड एवढंच उरतं.

10 जुलै 1930 ला यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून अटक करवून घेतली. मग वणवा पसरला. सांगलीकडच्या बिळाशीनं तर जंगलातला सागच तोडून आणला आणि गावात त्याच्यावर तिरंगा चढवला. आपल्याकडे गिरणेच्या वरच्या अंगाला, कळवण तालुक्यातल्या चणकापूरला कोकणा आणि भिल्लांच्या मुलखात जंगल सत्याग्रह झाला. 25 सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला गोळीबार झाला. आठ सत्याग्रही मेले, त्यांत नाग्या महादू कातकरी हा कातकरी तरुण होता. मामलेदार जोशीही तिथेच मृत्युमुखी पडले.

या लढ्याचे दोन अर्थ एकाच वेळी चालू होते. काँग्रेसच्या पुढाऱ्यांना गवताची पेंढी ही खूण होती. थोडं कापायचं, शिस्तीत तुरुंगात जायचं, सरकारला दाखवून द्यायचं. डोंगरातल्या माणसाला मात्र खूण नको होती, त्याला त्याचा डोंगर हवा होता. पुढारी ‘स्वराज्य’ म्हणायचे तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कोंडवाडा नसलेलं गाव यायचं. माझ्या मते स्वातंत्र्याचा इतका नेमका अर्थ त्या काळात दुसऱ्या कुणी लावला नसेल.

5 मार्च 1931 ला गांधी-आयर्विन करार झाला. मीठ जिथे तयार होतं तिथल्या आसपासच्या गावांना गावापुरतं मीठ करायची मुभा मिळाली. गवत, सरपण आणि चराईला मात्र तशी काहीच सवलत मिळाली नाही. स्वातंत्र्य आलं, 1927 चा कायदा कायम राहिला आणि आजही लागू आहे. बांबू हे ‘झाड’ नाही, एवढं त्यात लिहून घ्यायला 2017 साल उजाडलं, तेही जंगलाबाहेरच्या बांबूपुरतं. मध, मेण, तेंदूपान, बांबू अशा गौण वनोपजावर तिथे राहणाऱ्या आदिवासींची आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांची मालकी आहे, हे संसदेनं मान्य केलं ते 2006 च्या वनहक्क कायद्यात. चराईचा हक्कही त्यातच लिहिला गेला, पुसदला विळा चालला त्यानंतर 76 वर्षांनी.