राखणीच्या कुत्र्याला गॅस होतोय? आधी त्याच्या ताटात बघा

आजचा विषय ऐकून काही जणी तोंडाला पदर लावतील. लावा खुशाल, हसा. पण कुत्र्याच्या पोटातल्या गॅसवर बोलायची वेळ आमच्यावर उगीच आलेली नाही. बैठकींसाठी आम्ही माणदेशातल्या वाड्यावस्त्यांवर फिरतो. शेरडांना काय घालायचं, गाभण गाईला किती पेंड द्यायची, कोंबड्यांना काय टाकायचं, यावर तास-तास बोलणं होतं. ही सगळी दौलत रात्री जे राखतं, त्या कुत्र्याच्या खाण्याचा विषय कधी निघत नाही. मग बैठक मोडताना एखादी बाई हळूच म्हणते, "कुत्र्याचं पोट सारखं गुरगुरतंय, वास तर सोसवत नाही. घरातले म्हणतात, बाजारात नेऊन सोडून देऊ."

सोडून दिलं की त्या मुक्या जिवाचे हाल होतातच. शिवाय आपल्या माळावर लांडगा अजून आहे. गटाच्या कर्जातून घेतलेल्या चार शेरडांचा हप्ता कर्जवहीत चालू असतो आणि रात्री त्यांच्या उशाला भुंकणारं कुणी नसतं. म्हणून कुत्रं घालवण्याआधी त्याचं ताट बदलून बघावं, एवढं आमचं सांगणं आहे. बहुतेक वेळा दुखणं ताटातच असतं.

गाई-शेरडांची पोटफुगी आपल्याला चांगली ठाऊक आहे. ओला लसूणघास जास्त खाल्ला की डावी कूस फुगते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पोटात चारा आंबतो, त्याचा गॅस होतो आणि तो ढेकरेवाटे तोंडातून बाहेर पडतो. ढेकर अडली की पोट फुगतं. कुत्र्याचं पोट असं नसतं. त्याला एकच जठर असतं, आणि गॅस तयार होतो तो मुख्यतः पुढे, मोठ्या आतड्यात. वरच्या भागात जे पचलं नाही ते तिथे पोचतं, तिथले जंतू ते आंबवतात आणि वारा मागून सुटतो. म्हणून शेरडाच्या पोटफुगीवरचा इलाज कुत्र्यावर करायचा नाही. टर्पेंटाइन आणि गोडेतेल तर कधीच पाजू नका. टर्पेंटाइन कुत्र्याला विषारी आहे, आणि जबरदस्तीनं ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं तर ते आणखी वाईट.

थोडा वारा सगळ्याच कुत्र्यांना सरतो. त्याची काळजी नको. पण रोज, दिवसभर, पोटात गुरगुर आणि घाण वास असेल तर वरच्या भागात काहीतरी पचत नाही, असं समजायचं. आता आपल्याकडे कुत्र्याच्या ताटात काय पडतं ते आठवा. सकाळी चहात बुडवलेली खारी किंवा बिस्किट. दुपारी उरलेली उसळ, नाहीतर हुलग्याचं माडगं. रात्री दुधात कुस्करलेली भाकरी, आणि त्यावर जे काही शिळंपाकं असेल ते. माया म्हणून घातलेल्या या ताटात गॅस करणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी रोज जातात, दूध आणि कडधान्य.

दुधाचं आधी बघू, कारण इथे आपली समजूत फार घट्ट आहे. कुत्रं म्हटलं की दूध-भाकरी. पण दुधात एक साखर असते, लॅक्टोज. ती पचवणारा रस पिल्लाच्या आतड्यात भरपूर असतो. पिल्लू आईचं पिणं सोडून मोठं झालं की तो रस कमी होत जातो. मग मोठ्या कुत्र्याला वाटीभर दूध दिलं की ती साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते. तिथे वारा धरतो आणि काहींना हगवणही लागते. दही लावताना यातली काही साखर जंतू खाऊन टाकतात, म्हणून चमचा-दोन चमचे दही किंवा पातळ ताक पुष्कळ कुत्र्यांना सोसतं. सगळ्यांना नाही. तेही आधी बंद करून मगच परत द्यावं.

कडधान्याची गोष्टही अशीच आहे. मटकी, हुलगा, हरभरा, वाटाणा, सोयाबीन यांत अशा काही साखरा असतात की त्या फोडणारा रस कुत्र्याच्या आतड्यात नसतो. तो आपल्याही नसतो, म्हणून तर उसळ खाल्ल्यावर आपलंही पोट बोलतं. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं, मोड आणले आणि अगदी मऊ शिजवलं तर त्रास कमी होतो, पण ज्याचं पोट आधीच बिघडलंय त्याला काही दिवस नकोच. कोबी आणि फ्लॉवरही तसेच. त्यांच्या वाऱ्याला वास जास्त, कारण त्यात गंधक असतं. गंधक अंड्यातही असतं. म्हणजे अंडं पचायला चांगलं असलं तरी एखाद्या कुत्र्याच्या वाऱ्याला अंड्यानं जास्त घाण वास येऊ शकतो.

आता भाकरी. "कुत्र्यानं मांसच खायला पाहिजे, भाकरीनं गॅस होतो" असं शहरातून आलेली पाहुणेमंडळी सांगून जातात. हे पूर्ण खरं नाही. 2013 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट, म्हणजे धान्यातला मुख्य भाग, पचवणारा रस बनवायला लागणारं जनुक लांडग्यात दोन प्रतींत सापडलं, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत प्रती निघाल्या. माणसाच्या दारात राहून राहून कुत्रं धान्य पचवायला शिकलं म्हणायचं. तेव्हा भाकरीला बोल लावायचं कारण नाही. मात्र ज्वारी-बाजरीत चोथा भरपूर, आणि कडक वाळकी भाकरी कुत्रं न चावता गिळतं. ती गरम पाण्यात भिजवून मऊ कुस्करून द्या. नुसती भाकरी पोटभर असंही नको. सोबत काही प्रथिनं लागतातच.

मग बिघडलेल्या पोटाला काय घालायचं? आमचा अनुभव असा की बायका आधी औषध विचारतात, हिंग घालू का, सोडा घालू का. त्याआधी ताटातून काढून टाकायला शिकायचं. आठवडाभर दूध बंद, चहा बंद, कडधान्य बंद, तळलेलं आणि शिळं बंद. ताटात दोनच पदार्थ ठेवायचे, मऊ शिजलेला भात आणि उकडलेलं, हाडं काढलेलं कोंबडीचं मांस. मीठ, तिखट, फोडणी काही नाही. भात दोन वाट्या असेल तर मांस एक वाटी. साधारण पंधरा किलो वजनाच्या गावठी कुत्र्याला दिवसभरात चारशे ग्रॅम शिजलेला भात आणि दोनशे ग्रॅम मांस पुरतं. मांस रोज परवडत नसेल तर उकडलेली अंडी घ्या. दोनशे ग्रॅम मांसाच्या जागी चार अंडी होतात. एवढीही परवडत नसली तर दोन अंडी आणि थोडा जास्त भात. आठवडाभरासाठी चालतं. पण भात-मांस हे कायमचं जेवण नव्हे. त्यात कॅल्शियम फार कमी असतं, आणि महिनोन्महिने तेच घातलं तर हाडं कमजोर होतात. वाढत्या पिल्लाला तर लवकरच.

गॅस कमी झाला की जुना एकेक पदार्थ परत आणायचा. आधी भिजवलेली भाकरी, थोडी. तीन-चार दिवस बघायचं. पोट शांत राहिलं तर पुढचा पदार्थ. ज्या दिवशी गुरगुर परत सुरू होईल त्या दिवशी कालपरवा नवीन काय घातलं ते आठवा, तोच दोषी. बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं तर चांगलं. आणि घरातल्या पोरांना बजावून सांगा. आपण ताट सांभाळतो आणि पोरगं मागून बिस्किटाचा पुडा रिकामा करतं, मग हिशोब कसा लागणार!

खाण्याइतकंच खाण्याच्या पद्धतीकडे बघा. दिवसातून एकदाच, रात्री सगळ्यांचं झाल्यावर मोठं ताट घालायची आपली रीत आहे. दिवसभराची भूक लागलेलं कुत्रं ते आडवं-उभं गिळतं, आणि घासाबरोबर हवाही गिळतं. दोन-तीन कुत्री एकाच घमेल्यात तोंड घालत असली तर स्पर्धाच लागते. तेवढंच अन्न सकाळ-संध्याकाळ दोनदा विभागून द्या. प्रत्येकाचं भांडं लांब ठेवा. अन्न खोलगट भांड्यात घालण्यापेक्षा परातीत पसरा, किंवा भांड्याच्या मधोमध गिळता येणार नाही एवढा मोठा गुळगुळीत धोंडा ठेवा. धोंड्याभोवतीनं खाताना कुत्र्याचा वेग आपोआप मंदावतो. याला एक रुपया खर्च नाही. चपट्या नाकाची कुत्री आता आपल्याकडेही आली आहेत. त्यांना श्वासच कष्टानं घ्यावा लागतो, त्यामुळे ती हवा जास्त गिळतात. त्यांच्यासाठी हे जास्तच पाळा. दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याच्या पोटातला वाराही अडून राहतो. त्याला सकाळ-संध्याकाळ चालवा, मात्र जेवल्या-जेवल्या पळवू नका.

दुकानातलं तयार खाद्य घ्यायचं की नाही, असंही विचारतात. परवडत असेल तर घ्या, पण नुसत्या चित्रावर आणि किमतीवर जाऊ नका. पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते, ती गटातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. सोयाबीन, वाटाणा, दूध पावडर ही नावं वरच असली तर गॅसवाल्या कुत्र्याला ते पाकीट उपयोगाचं नाही. आणि कुठलंही नवं खाद्य एका दिवसात बदलायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, अशा आठवड्याभरात सगळं. एकदम बदललं तर चांगल्या खाद्यानंही पोट बिघडतं.

काही गोष्टी कुत्र्याच्या पोटात जाऊच द्यायच्या नाहीत. कांदा-लसणानं कुत्र्याचं रक्त बिघडतं, त्यामुळे फोडणीचं कालवण त्याच्यासाठी नाही. द्राक्षं आणि बेदाणे त्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर राखणीला कुत्री असतात, तिथल्या बहिणींनी हे विशेष लक्षात ठेवावं. शिजवलेल्या हाडांच्या चिरफळ्या होऊन आतडं फाटतं. आणि माणसाच्या दुखण्याच्या, तापाच्या गोळ्या कितीही लहान तुकडा असला तरी नकोत.

ताट बदलूनही गॅस राहिला तर जंतांचा विचार करा. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यावं लागतं, वजनाप्रमाणे. शेरडांचं आणतो तेच त्याला अंदाजानं पाजू नका. गावातल्या पशुसखीला किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. गॅससोबत दोन दिवसांवर हगवण चालली, शेणात रक्त दिसलं, खाऊनही कुत्रं वाळत चाललं किंवा खाणंच सोडलं, तर घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आणि एक प्रसंग असा आहे की तिथे सकाळची वाटच बघायची नसते. भरपूर खाऊन काही वेळानं कुत्र्याचं पोट नगाऱ्यासारखं टणक फुगतं, ते ओकारी काढतं पण बाहेर फेसाशिवाय काही येत नाही, लाळ गळते, बसवत नाही, उभं राहवत नाही. अशा वेळी नुसता गॅस झाला असं समजू नका. जठर फुगून स्वतःभोवती पिळलं गेलेलं असू शकतं. पीळ पडला की रक्त पोचत नाही आणि काही तासांत कुत्रं दगावतं. खोल छातीच्या, बारीक कमरेच्या मोठ्या कुत्र्यांत हे जास्त होतं. आपल्याकडची कारवानी कुत्री आणि शहरातून आणलेली जर्मन शेफर्ड याच बांध्याची. एकवेळचं भरपेट आणि घाईचं जेवण हा धोका वाढवतं. यावर इलाज शस्त्रक्रियेचाच असतो, आणि ती सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा 1962 हा क्रमांक आणि तालुक्याच्या डॉक्टरांचा नंबर आजच फोनमध्ये भरून ठेवा. वाटेत तोंडात काही ओतू नका, पोट दाबू नका, सुई टोचायला कुणाला देऊ नका.