सातपुड्यात जाण्यापूर्वी

फैजपूरहून उत्तरेकडे पाहा. सातपुड्याची निळसर रांग दिसते ना? तिच्यातच १९६९ साली घोषित झालेले यावल अभयारण्य आहे. समजा, वन खात्याची परवानगी काढून आपण आठ जण दोन दिवसांसाठी जीपने निघालो. तयारी काय करावी?

पहिला हिशेब पाण्याचा! उन्हात माणशी रोज ५ लिटर धरले, तर ८ × ५ × २ = ८० लिटर, म्हणजेच ८० किलो वजन! हे कॅन टपावर बांधले तर गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि उतारावर ती कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून जड सामान तळाशी, हलके वर.

नाल्याच्या वाळूत चाक रुतले तर? चाकातली थोडी हवा सोडायची. टायर पसरतो, टेकणारे क्षेत्रफळ वाढते आणि वाळूवरचा दाब कमी होतो. उंटाचा पसरट पाय आठवा! मात्र पुन्हा हवा भरायला पंप हवाच.

रात्री दिशा कोण सांगेल? ध्रुवतारा! फैजपूरचा अक्षांश सुमारे २१ अंश, म्हणून तोही क्षितिजापासून तेवढाच वर. हात लांब केल्यावर एक मूठ सुमारे १० अंश भरते. आज रात्रीच धाब्यावर जाऊन दोन मुठी मोजून पाहा बरे!