धावणाऱ्याची मजुरी

धावण्याला भांडवल लागत नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. क्रिकेटला बॅट-पॅड लागतात, टेनिसला क्लबाचे सभासदत्व लागते, पोहण्याला तलाव लागतो. धावायला मात्र दोन पाय आणि गावाबाहेरची सडक पुरते. म्हणूनच भूमिहीन मजुराचे, ऊसतोड कामगाराचे, आदिवासी पाड्यावरचे पोर खेळाकडे वळते ते बहुधा धावण्याच्या वाटेने. पण हे विधान अर्धेच खरे आहे. धावण्यालाही भांडवल लागतेच. फक्त ते धावणाऱ्याच्या अंगातून काढले जाते. लांब पल्ल्याच्या धावण्यावर तरुणाला पोट भरता येते काय, येत असेल तर कोणत्या मार्गाने, आणि या साऱ्या व्यवहारात खरी कमाई कोणाची होते, याचा विचार आपण आता केला पाहिजे.

धावणे आणि मोबदला यांचा आपल्या समाजाचा इतिहास कडू आहे. गावगाड्यात सरकारी टपाल पोचवणे, सांगावा नेणे, मयताची वर्दी परगावी देणे, अंमलदाराच्या घोड्याबरोबर वाट दाखवीत जाणे ही महाराची वतनी कामे होती. रात्र असो की पाऊस, निघावे लागे. बदल्यात बलुत्याची भाकरी आणि इनामाचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, ते या बिनपगारी राबणुकीविरुद्धच. ही वतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८च्या कायद्यामुळे. आपल्या आजा-पणजांचे पाय झिजले, त्याची मजुरी कोठेही लिहिली गेली नाही.

खेळातही चित्र वेगळे नव्हते. पळवणकर बाळू हा चांभार समाजातला गोलंदाज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात तो दरमहा चार रुपयांवर खेळपट्टी तयार करण्याचे, जाळी लावण्याचे काम करी आणि सभासदांना तासन्‌तास गोलंदाजी करी. त्याच्या चेंडूवर साहेब फलंदाजी शिकले. त्याच्या हाती मात्र बॅट क्वचितच आली. पुढे हिंदू संघाने त्याला घेतले, पण चहा मात्र वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा याच बाळूने शंभराहून अधिक बळी मिळवले. कौशल्य घ्यायचे आणि कसब करणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, ही रीत खेळाच्या मैदानावरही चालत आली आहे.

आता आजच्या बाजाराकडे वळू. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. आज सातारा, वसई-विरारपासून अनेक शहरांत दरवर्षी शर्यती भरतात. एकट्या मुंबईच्या शर्यतीत सगळे गट मिळून सुमारे ६० हजार माणसे उतरतात. यांतील बहुसंख्य माणसे नोकरदार, व्यावसायिक. ती प्रवेशशुल्क भरतात, बूट घेतात, मनगटावरची घड्याळे घेतात, प्रशिक्षकाला फी देतात. आयोजक, प्रायोजक, बूट-कंपन्या, आहारपूरक पावडरी विकणारे, फिजिओथेरपिस्ट, छायाचित्रकार अशा अनेकांची चूल या धावण्यावर पेटते. हाच तो उद्योग. सर्वांत पुढे जो पळतो, ज्याच्याकडे पाहून बाकीचे पळतात, त्याला या उद्योगात ना पगार आहे, ना रजा, ना विमा. त्याला आहे ते बक्षीस, आणि तेही जिंकला तर.

बक्षिसाचा हिशेब नीट मांडून पाहू. मुंबई मॅरेथॉनमध्ये अलीकडच्या वर्षांत आंतरराष्ट्रीय गटाच्या विजेत्याला ४५ ते ५० हजार डॉलर, म्हणजे चाळीस लाखांच्या घरातली रक्कम मिळते. ती बहुतेक वेळा इथिओपिया वा केनियाच्या धावपटूकडे जाते. भारतीय गटात पहिल्या तिघांना अनुक्रमे ५, ४ आणि ३ लाख रुपये. रक्कम लहान नाही. परंतु ४२ किलोमीटरची शर्यत जीव ओतून वर्षातून दोनदा, फार तर तीनदा पळता येते. त्या दिवशी पोट बिघडले, पिंडरी धरली, की वर्षाची कमाई गेली. शेतकऱ्याचे पीक जसे एका अवकाळी पावसात जाते तसेच हे.

दुसऱ्या बाजूला खर्च पाहा. आठवड्याला १२० किलोमीटर धावणारा वर्षाला सहा हजार किलोमीटरच्या वर धावतो. बुटाचा तळ ५०० ते ८०० किलोमीटरांत दम सोडतो. म्हणजे वर्षाला आठ ते बारा जोड. पाच-सहा हजारांचा साधा जोड धरला तरी चाळीस ते सत्तर हजार रुपये केवळ पायात घालायला लागतात. त्यात दूध, अंडी, डाळ, प्रवास, दुखापतीचे औषधपाणी मिळवा. ज्या घरात हाताला काम मिळाले तर चूल पेटते, त्या घराने हे कोठून आणावे? मग तो पोरगा दर रविवारी कोठल्या तरी गावच्या यात्रेतली, कोठल्या तरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाची शर्यत पळतो. दोन हजार, पाच हजार मिळतात. शरीराला विसावा मिळत नाही, दुखणे मुरते, आणि ज्या वयात धावपटू तयार व्हायचा त्या वयातच तो संपतो. शिकवताना अशी मुले वर्गात दिसतात. पहाटे वीस किलोमीटर पळून आलेला विद्यार्थी मागच्या बाकावर पेंगतो, तेव्हा त्याला आळशी म्हणणे सोपे असते. त्याने सकाळी काय खाल्ले, हे आपण विचारीत नाही.

मग धावण्यावर जगले कोण? ज्यांना आधी पगार मिळाला ते. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. आईवडील कष्टकरी. बारावीनंतर ते सैन्यात गेले, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. सियाचीनला पहारा दिला. स्पर्धात्मक धावणे सुरू झाले ते त्यानंतर, २०१५ साली. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ साली ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. आधी शिधा आणि पगार, मग पदक, हा क्रम लक्षात घेतला पाहिजे. त्यांची जात हा येथे विषय नाही. विषय आहे तो त्या दरवाजाचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची सैन्यभरती इंग्रजांनी बंद केली, तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, बाबासाहेबांनी ती मागणी पुढे लावून धरली आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. आज तिच्यात सर्व जातींचे सैनिक आहेत. आपल्या माणसांनी भांडून उघडलेल्या दारातून कोणा कष्टकऱ्याचा मुलगा जगाच्या मैदानावर पोचतो, ही चळवळीची कमाईच म्हणायची.

ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोही गावच्या. त्यांनी मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय महिला गटात लागोपाठ तीन वर्षे पहिले स्थान मिळवले. पाठीशी रेल्वेची नोकरी होती. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून त्या दहाव्या आल्या. पुढे राज्य शासनाने त्यांना उपजिल्हाधिकारी केले. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या आदिवासी कुटुंबातल्या. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य, ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. त्यांना नोकरी दिली ती केंद्राच्या तेल कंपनीने. राज्य शासनाने आपल्याला डावलले, अशी तक्रार त्यांनी २०२४ साली जाहीरपणे केली. पदक मिळाले तरी भाकरीसाठी दारोदार अर्ज करावे लागतात, आणि कोणाचा अर्ज कोठे अडतो, हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही.

केनियासारख्या देशातही हेच दिसते. इटेन या डोंगरावरच्या गावी शेकडो तरुण पहाटे धावतात. जगाला माहीत होतात ते मूठभर. त्या मूठभरांतील अनेकांच्या मागेही पोलिसातली वा सैन्यातली नोकरी असते. बाकीच्यांना एका बक्षिसावर घरदार तारायचे असते, आणि तेथेच औषधाची सुई शिरते. उत्तेजकांची कीड एवढी पसरली की तिच्या बंदोबस्तासाठी २०२२च्या अखेरीस केनिया सरकारला पाच वर्षांत अडीच कोटी डॉलर खर्चण्याचे कबूल करावे लागले. आपण हसण्याचे कारण नाही. भारतात २०२३ साली पाच हजारांहून अधिक नमुने तपासले, त्यांत दोनशेहून अधिक सदोष निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वाईट ठरले. सापडलेल्या पोरावर चार वर्षांपर्यंत बंदी येते. ज्याने ती पुडी दिली तो बहुधा मोकळाच फिरतो.

मुलींचा प्रश्न आणखी अवघड आहे. अर्धपोटी धावणाऱ्या मुलीची मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ऊर्जेच्या तुटीचा विकार म्हणून मान्यता दिली. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला ही तूट लवकर गाठते; पण पुरुष प्रशिक्षकापाशी ती हे बोलू शकत नाही. आणि कमाई आली तर ती कोणाच्या नावावर? २०२१ साली इटेनला अॅग्नेस टिरोप या पंचवीस वर्षांच्या विश्वविख्यात धावपटूचा खून झाला आणि आरोप आला तो नवऱ्यावर. २०२४ साली युगांडाच्या रेबेका चेप्तेगेईला तिच्या माजी जोडीदाराने पेटवून मारले. वाद होता जमिनीचा. पाय बाईचे आणि पासबुक पुरुषाचे, हे आपल्या घरांतही घडते.

नोकरीचा दरवाजाही आता पूर्वीसारखा उरलेला नाही. २०२२ सालच्या अग्निपथ योजनेने सैनिकाची भरती चार वर्षांची केली; त्यानंतर चौघांतला फार तर एक कायम होतो. पहाटे सडकेवर पळणारी आपली बहुसंख्य मुले पदकासाठी नव्हे, भरतीसाठी पळतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. हजारो पळतात, थोडे लागतात. उरलेल्यांच्या हाती वय उलटलेले शरीर आणि अर्धवट सुटलेले शिक्षण राहते.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पदवी सोडून धावू नये. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. परंतु त्यासाठी शैक्षणिक पात्रता लागतेच, आणि क्रीडा प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावे लागते. बनावट प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनंतर ही तपासणी कडक झाली आहे. ती जाहिरात निघण्याची वाट न पाहता करून घ्यावी. ‘खेलो इंडिया’त निवड झालेल्या खेळाडूला दरमहा दहा हजार रुपये भत्ता मिळतो, निवड-चाचण्यांची माहिती गावापर्यंत नेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. बक्षिसाची रक्कम व ती देण्याची मुदत शर्यतीआधी लेखी मागावी. खाते धावणाऱ्याच्या, विशेषतः मुलीच्या, स्वतःच्या नावावर असावे. प्रशिक्षकाने दिलेली पुडी नाव वाचल्याशिवाय घेऊ नये. आणि धावण्यापुरतेच थांबू नये. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक अभ्यासक्रम, बी.पी.एड., फिजिओथेरपी या वाटांनी आपली मुले या उद्योगाच्या दुसऱ्या बाजूलाही, म्हणजे जेथे पगार आहे तेथे, पोचली पाहिजेत.

आपल्याकडे चौदा एप्रिलला शर्यती भरतात, ढाल दिली जाते, फोटो निघतो. त्या ढालीचे तो पोरगा काय करणार? जयंतीच्या वर्गणीतून गावातल्या चार धावणाऱ्यांचे वर्षभराचे बूट आणि अंडी निघू शकतात. त्याआधी एक साधे काम विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. आपापल्या गावात किती मुले-मुली धावतात, कितवीत आहेत, मागच्या दहा वर्षांत धावणाऱ्यांपैकी किती जण नोकरीला लागले, किती जण दुखापतीने घरी बसले, आणि ते आज काय करतात, याची वही तयार करावी. शासनाकडे मागणी घेऊन जायचे तर हातात ही वही पाहिजे.